खुंटा गैरहजर

"मी आज शाळेत जाणार नाही," असं खुंट्याने उशीत तोंड खुपसून जाहीर केलं, तेव्हा बाहेर नीट उजाडलंही नव्हतं.

खुंटा म्हणजे या घरातली एकुलती एक मुलगी. नववीत शिकणारी. रस्सीखेचीत दोराचं अगदी शेवटचं टोक खांद्यावरून घेऊन जी मागे रेलून उभी राहते, ती ही. समोरच्या आठ जणी ओढून ओढून घामाघूम होतात आणि ही बया जागची हलत नाही, म्हणून वर्गाने नाव ठेवलं खुंटा. तिलाही ते आवडतं. कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर आपलं काहीतरी चुकलं असणार, असं समजून ती दचकते. आज शाळा सुटल्यावर शाळेच्याच मैदानावर अंतिम सामना होता. राखीव मुलीचा हात आधीच गळ्यात बांधलेला. म्हणजे खुंटा नाही तर संघच नाही.

आता एवढी दांडगी मुलगी, पण मोठ्या सामन्याच्या दिवशी सकाळी हिच्या पोटात हमखास गोळा यायचा. आई कामावर निघता निघता डोकावली. आई शहर बसची चालक, पहिली पाळी. तिने नुकतेच गार पाण्याने हात धुतलेले, त्याच हाताने तिने लेकीचं कपाळ चाचपलं. गार हाताला कपाळ गरमच लागणार! "ताप आहे गं बाई," असं पुटपुटत ती जिना उतरली.

जिन्यात तिला नवरा भेटला. तो पावाच्या कारखान्यात रात्रपाळीला. ती जाणार आणि तो येणार, असा यांचा संसार. आठवडाभरात दोघांची गाठ पडायची ती जिन्याच्या वळणावर, आणि तिथे बोलणं व्हायचं ते किल्लीपुरतं. "किल्ली?" "खिशात." संपलं. त्या दिवशीही तेवढंच झालं. दोन शब्द जास्त बोलले असते तर पुढचं रामायण घडलं नसतं, पण सवय ती सवय.

इथे शाळेचा नियम सांगायला हवा. मूल येणार नसेल तर पालकांनी पहिल्या घंटेच्या आत शाळेच्या फोनवर निरोप ठेवायचा. नाव, वर्ग, कारण. हा नियम या घराच्या जिव्हारी लागलेला होता. मागे खुंट्याला कांजिण्या झाल्या, तेव्हा आईला वाटलं बाबांनी कळवलं, बाबांना वाटलं आईने कळवलं, आणि आजीला वाटलं हे दोघे एवढे शिकलेले, कळवलंच असेल. कुणीच कळवलं नव्हतं. उपमुख्याध्यापकांनी, ज्यांना सगळी शाळा उपसर म्हणते, तिघांना समोर बसवून विचारलं होतं, "घरात तीन मोठी माणसं, आणि एक फोन करायला कुणी नाही?" तिघेही माना खाली घालून बाहेर पडले होते. पुन्हा असं होऊ द्यायचं नाही, अशी शपथ तिघांनी घेतली. घोळ एवढाच, की प्रत्येकाने ती मनातल्या मनात आणि वेगवेगळी घेतली.

त्यामुळे आईने आगारात पोचताच पहिला फोन केला. "नववी, ताप," आणि तिथल्या नियमाप्रमाणे फोन कपाटात कुलूपबंद करून ती बसवर चढली. इकडे बाबांनी लेकीचं कण्हणं ऐकलं, "पोटात गोळा आलाय" हे ऐकलं, आणि बूट काढायच्या आधी दुसरा फोन केला. "नववी, पोटदुखी." मग आपला फोन त्यांनी रोजच्यासारखा कपाटात गोधड्यांच्या तळाशी पुरला, कानात कापूस कोंबला आणि ते आडवे झाले.

राहिली आजी. बाबांची आई. आपल्या मुलावर तिचा जीव होता, पण भरवसा नव्हता. तिने दिवाणखान्यातल्या जुन्या फोनवरून तिसरा फोन लावला.

"निरोप ठेवा," यंत्र म्हणालं.

"कोण बोलतंय? बरं, सांगू नकोस, नुसतं ऐक. आमची नात आज यायची नाही. पोट बिघडलंय. आता तिच्याविना त्या पोरी बिचाऱ्या ओढणार काय नि कशा... तू ऐकतोयस ना?"

यंत्राने मध्येच तोडलं. आजीला राग आला. तिने पुन्हा लावला. "फोन ठेवायची कसली घाई रे तुला! हां, तर काय सांगत होते? तिच्याविना त्या सात जणी दोरासकट तोंडावर आपटणार. सगळी शाळा हसणार. पण काय करायचं? पोर आजारी आहे."

खुंटा हलवून बळकट करायचा म्हणतात, तसा हा निरोप चारदा बळकट झाला.

पण झालं काय, आजीचा आवाज खणखणीत. तो यंत्रात गेला तसा भिंतीपलीकडे खुंट्याच्या कानातही गेला. सात जणी तोंडावर आपटणार! ती ताडकन उठून बसली.

"आजी, मला गोळा का येतो सांगू?" ती वेणी घालता घालता म्हणाली. "समोरच्या शाळेतल्यांच्या घरची माणसं येतात गं. नुसती ओरडत असतात. आपलं कुणीच नसतं. बाबा झोपलेले, आई बसवर, नाहीतर घरी येऊन स्वयंपाकात, आणि तू..."

"माझे गुडघे मेले," आजी म्हणाली. तिला फार वाईट वाटलं. "पण तू जा. कुणी येवो न येवो, तू आपली ओढ."

"ओढायचं नसतं. हलायचं नसतं."

"मग ते तर फारच सोपं!"

खुंटा दप्तर घेऊन पळाली. शाळेला पुन्हा कळवावं असं आजीच्या मनातही आलं नाही. येणार नाही हे कळवायचं असतं. आलेली पोर तर दिसतेच की!

पण शाळेत दिसणं पुरत नाही. वर्गात बाई हजेरी घेताना तिच्या नावावरून सरळ पुढे गेल्या.

"बाई, मी आहे," खुंटा उभी राहून म्हणाली.

"दिसतंय मला. पण ऑफिसातून गैरहजर म्हणून आलंय. खिडकीवर जाऊन ये."

खिडकीमागे हजेरीबाई बसायच्या. शाळेची सगळी हजेरी त्यांच्या हातात. निरोपाचं यंत्र लावायचं कसं हे फक्त त्यांना ठाऊक, आणि हजेरीची ती जाडजूड वही त्या पाणी प्यायला उठल्या तरी काखेत मारून नेत. या खिडकीपलीकडे त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. शाळेला मैदान आहे हे त्या ऐकून होत्या.

"तू आज गैरहजर आहेस," हजेरीबाई म्हणाल्या.

"पण मी इथे आहे ना!"

"असं तू म्हणतेस. तू एकटी. तू नाहीस असं म्हणणारी तीन माणसं आहेत. मी कुणाचं धरू?"

एरवी तीन माणसं खुंट्याने सहज ओढली असती.

"बाई, आज माझा अंतिम सामना आहे."

"गैरहजर विद्यार्थ्याला त्या दिवशी कुठल्याही स्पर्धेत भाग घेता येत नाही. नियम." मग तिचे डोळे भरलेले पाहून हजेरीबाई जरा मऊ झाल्या. "हे बघ, ज्याने कळवलं त्यानेच मागे घ्यायचं. फोनवर चालत नाही. मागच्या वर्षी एक मुलगा स्वतःचाच काका होऊन बोलला होता. मधल्या सुट्टीच्या घंटेच्या आत तिघांनी समक्ष यायचं, सही करायची, की तू हजर. मी फोन करते."

बाबांचा फोन गोधड्यांखाली वाजला आणि तिथेच गुदमरला. आईचा फोन आगारातल्या कपाटात वाजला. दिवाणखान्यातला फोन आजीने उचलला.

"आजी, तुमची नात शाळेत आहे."

"मग? कुठे असायला हवी होती?"

"घरी! तुम्ही तसं कळवलंय."

"अगं, मग ती बरी झाली, आनंदाची गोष्ट आहे ना? रडवेल्या आवाजात काय सांगतेस?"

पण हजेरीबाईंनी नियम समजावला, आणि आजीचा चेहरा उतरला. तिने जाऊन बाबांची गोधडी खेचली, एका कानातला कापूस उपसला आणि त्या कानात ओरडली, "ऊठ! आपण पोरीला गायब केलंय!"

"काय? कुठे गेली?" बाबा ताडकन उभे.

"शाळेत!"

"शाळेत ना? मग गायब कशी?"

"शाळेत आहे म्हणूनच तर गायब आहे! चल, वाटेत सांगते!"

बाबा निघाले ते पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात, केसांत रात्रीचं पीठ, एका कानात कापूस. आजीने आपली छोटी उशी घेतली. कडक बाकावर ती उशीशिवाय बसत नसे, मग घराला आग का लागेना. गुडघ्यांचं तिला आठवलंसुद्धा नाही. दोघं थांब्यावर पोचतात तोच बस आली, दार उघडलं, आणि चालकाच्या जागेवर कोण? साक्षात आई!

"अहो, तुम्ही?" आई किंचाळली. "दिवसा?"

"अगं, खुंटा..."

"चढा आधी! गाडीला उशीर होतोय. आणि तो फलक वाचा."

फलकावर लिहिलं होतं, 'बस चालू असताना चालकाशी बोलू नये.' आई नियमाला पक्की. आजवर तिने कुणाला बोलू दिलं नव्हतं, नवऱ्याला कशी देणार? बाबा दांड्याला लटकून तोंड उघडमीट करत राहिले. आजी उशी टेकवून पहिल्या बाकावर बसली. शेजारी एक काकू मांडीवर फुलझाडाची कुंडी घेऊन बसल्या होत्या.

"काय झालं हो?" कुंडीवाल्या काकूंनी विचारलं.

"चालकाशी बोलायचंय. बोलता येत नाही," बाबा म्हणाले.

"मग माझ्याशी बोला! चालकाशी बोलू नये असं लिहिलंय. चालकाने ऐकू नये असं कुठे लिहिलंय?"

बाबांनी सगळी हकीकत काकूंना सांगितली, ती अशा आवाजात, की मागच्या बाकावर डुलक्या घेणारेही जागे झाले. तीन माणसं, सही, मधल्या सुट्टीची घंटा. चालकाच्या जागेवर आईचे कान लाल होत चालले. तेवढ्यात सिग्नल लागला, बस थांबली, आणि आई गर्रकन वळली.

"मी कळवलं होतं ना! तुम्ही कशाला कळवलंत?"

"मला काय माहीत तू कळवलंस? कांजिण्यांच्या वेळी..."

"कांजिण्या काढू नका! आणि आई, तुम्हीसुद्धा?"

"मी दोनदा," आजी अभिमानाने म्हणाली.

"हिरवा झाला!" मागून कुणीतरी ओरडलं. "भांडण पुढच्या लालला!"

आईने गियर टाकला. आता अख्खी बस या घरातली झाली होती. कुणी घड्याळ बघत होतं, कुणी पुढच्या रिक्षाला खिडकीतून हात करून बाजूला हो म्हणत होतं. "पोचतो की नाही?" "पोचतो, पोचतो!" एका गृहस्थांचा थांबा येऊन गेला तरी ते उतरले नाहीत. शेवट काय होतो ते बघूनच जाईन म्हणाले.

शाळेच्या थांब्यावर बस उभी राहिली. बाबा उडी मारून आत धावले आणि धापा टाकत खिडकीशी पोचले.

"एक आले," हजेरीबाई म्हणाल्या. "बाकीच्या दोघी?"

"आई बसमधून उतरतेय, तिला वेळ लागतो. बायकोला उतरताच येत नाही. प्रवासी आत असताना तिला गाडी सोडायची परवानगी नाही."

"आणि मला खिडकी सोडायची नाही," हजेरीबाई म्हणाल्या.

झालं! एक नियम रस्त्यात उभा, एक नियम खिडकीत बसलेला, आणि मध्ये पट्ट्यांचा पायजमा. वरच्या मजल्यावर वर्गाच्या खिडकीला नाक चिकटवून खुंटा हे सगळं बघत होती. आईने मान वर केली आणि तिला लेकीचं ते चपटं झालेलं नाक दिसलं. त्या क्षणी जन्मात कधी नियम न मोडलेल्या त्या बाईने, 'शाळा आहे, हॉर्न वाजवू नये' या पाटीच्या बरोबर खाली, हॉर्नवर हात दाबला तो दाबूनच ठेवला.

अख्खी शाळा खिडक्यांना लागली. आणि हजेरीबाई, वही काखेत, चप्पल फटकारत, रागाने लालबुंद होऊन, खिडकीतून नव्हे तर दारातून बाहेर आल्या!

"कोण वाजवतंय? पाटी दिसत नाही?"

"मीच," आई चालकाच्या जागेवरून म्हणाली. "सही करायची होती."

"सही घ्या! बाई, सही घ्या!" अख्खी बस ओरडली.

"सही खिडकीवर होते."

"अहो बाई," कुंडीवाल्या काकू पायरीवर येऊन म्हणाल्या, "वही इथे, तुम्ही इथे, तिघं इथे. खिडकीला काय सही करायची आहे का?"

हजेरीबाईंनी घड्याळ पाहिलं. वर खुंट्याचं नाक पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी हजर आणि गैरहजर हजारोंनी लिहिले होते, पण हजर होण्यासाठी एवढी धडपडणारी माणसं त्यांना ठाऊक नव्हती.

"पेन आहे कुणाकडे?" त्या म्हणाल्या.

पेनांचा पाऊस पडला. आईने बसच्या दारातून वाकून सही ठोकली. बाबांनी ठोकली, वहीवर थोडं पीठ सांडलं. आजी शेवटच्या पायरीवर उशी टेकून बसली आणि वही मांडीवर घेऊन अक्षर काढू लागली. तिची सही म्हणजे सावकाश, वळणदार, प्रत्येक काना नीट.

"आई, लवकर!" बाबा कळवळले.

"घाईने अक्षर बिघडतं. हं, झाली."

"आजी, आणखी एक," हजेरीबाई म्हणाल्या. "तुमचे निरोप दोन आहेत."

बसमधून एकच हाय उठली. आजी पुन्हा लिहू लागली. पहिलं अक्षर. दुसरं. आणि घणघण घणघण घंटा सुरू झाली.

"गेलं! घंटा झाली!" बाबांनी डोकं धरलं.

"कुठे झाली?" हजेरीबाई गरजल्या. "सुरू झालीय! संपली का अजून? आजी, लिहा तुम्ही!"

आजीने शेवटचा काना ओढला आणि घंटा थांबली. हजेरीबाईंनी भर रस्त्यात, बसच्या पत्र्यावर वही टेकवून 'हजर' लिहिलं. बसमध्ये असा जल्लोष झाला, की काकूंच्या कुंडीतली दोन फुलं गळून पडली. वरच्या खिडकीतलं नाक नाहीसं झालं. ते आता जिन्याने खाली उड्या मारत येत होतं.

दुपारी पाळी संपवून आई गणवेशातच मैदानावर आली. बाबा आणि आजी घरी गेलेच नव्हते. बाबा त्याच पायजम्यात बाकावर बसल्या बसल्या तासभर घोरले होते, शेजारी आजी आपल्या उशीवर. कुंडीवाल्या काकू कुंडीसकट हजर. खुंटा दोर खांद्यावर घेऊन उभी राहिली, तिने सहज मान वळवली, आणि तिचा विश्वास बसेना.

"तुम्ही? तिघंही? एकदम?"

"बघतेस काय! समोर बघ!" आई ओरडली, आणि मग हळूच डोळे पुसले.

पोटातला गोळा कधी विरघळला ते खुंट्याला कळलंसुद्धा नाही. पहिली खेच त्यांनी जिंकली, दुसरी समोरच्यांनी. तिसऱ्या खेचीला दोर असा ताणला गेला, की दोन्हीकडच्या सोळा जणींना श्वास घेणंही महाग झालं. मधला रुमाल वीतभर तिकडे सरकला, आणि पुढच्या मुलीचे पाय घसरायला लागले. तेवढ्यात बाकांच्या मागून एक आवाज फुटला. "खुंट्या! हलू नकोस! अजिबात हलू नकोस!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. हजेरीबाई! हजर लिहिलेली मुलगी खरोखर हजर आहे का हे तपासायला आल्ये, असं त्या येताना म्हणाल्या होत्या. आता त्या बाकावर उभ्या होत्या. हात मोकळे हवेत म्हणून त्यांनी काखेतली वही आजीच्या मांडीवर टाकली आणि दोन्ही मुठी आवळून असा काही गळा काढला, की पंचही दचकले. आई, बाबा, आजी, काकू, सगळ्यांनी सूर धरला. खुंट्याने टाचा मातीत रोवल्या, दात आवळले, आणि ती हलली नाही. रुमाल थरथरला, थांबला, आणि मग तसूतसूने इकडे यायला लागला.

त्या संध्याकाळी, बाबा पाळीला निघायच्या आधी, त्या घरात पहिल्यांदाच तिघांनी एकत्र बसून ठरवलं, की यापुढे कळवायचं कुणी. आईने.

दुसऱ्या दिवशी आईची साप्ताहिक सुट्टी होती. सकाळी दिवाणखान्यातला फोन वाजला. आजीने उचलला. उपसर होते, आणि त्यांचा आवाज पार रडकुंडीला आलेला.

"आजी, हजेरीबाई आल्या नाहीत हो. काल शेवटच्या तुमच्याबरोबर दिसल्या होत्या. काही कळवलंसुद्धा नाही!"

"घसा बसला असेल बिचारीचा. कळवलं असेल की. तुमच्या त्या यंत्रात बघितलंत का?"

"ते यंत्र बाईंनाच लावता येतं," उपसर बारीक आवाजात म्हणाले. "आणि हजेरीची वहीपण सापडत नाही. अख्खी शाळा आज ना हजर, ना गैरहजर!"

आजीने बाकड्यावरची आपली उशी उचलून पाहिली. खाली वही होती, एका पानावर अजून पीठ लागलेली. बाबांनी कपाळावर हात मारला. आईने आजीला खूण केली की गप्प बसा. पण आजी कसली गप्प बसते! कांजिण्यांपासून तिच्या मनात काहीतरी साचून राहिलं होतं.

"अहो सर," ती गोड आवाजात म्हणाली, "एवढी मोठी शाळा, आणि एक निरोप ऐकायला कुणी नाही?"

मग तिने खुंट्याच्या दप्तरात वही नीट सरकवली. शाळेच्या फाटकात उपसर स्वतः रस्त्यावर डोळे लावून उभे होते. खुंटा धावत आली, वही उघडली गेली, आणि त्या दिवशी अख्ख्या शाळेत पहिली हजेरी लागली ती तिची.